भैरवाच्या वाहनाचे वजन

तंजावूर, ८ ऑक्टोबर १९९४

चि. सेतुराम यास अण्णाचा आशीर्वाद.

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, सालवार: १९७४, गोबर गॅसची पहिली टाकी, पापनाशमच्या अलीकडे, तिचा ड्रम आजवर गळलेला नाही. त्यानंतर तशाच एकवीस. १९७९, कॉलेजने भंगारात काढलेल्या दोन मोडक्या सूक्ष्मदर्शकांतून एक चालता सूक्ष्मदर्शक, त्याचा बारीक फिरकीचा स्क्रू मी स्वतः कातला. १९८३, बिस्किटांच्या मोठ्या डब्यातून उबेची पेटी. आत चाळीस वॅटचा दिवा आणि जुन्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट, तापमान अर्ध्या अंशापलीकडे हलत नाही. यंदा ऑगस्टमध्ये फळीचा वजनकाटा. त्यावर कुत्रा चारी पायांवर उभा राहतो आणि आकडा पन्नास ग्रॅमपर्यंत खरा येतो.

यादी का दिली ते तू जाणतोस. अप्पांच्या श्राद्धाच्या पंगतीत, सतरा माणसांदेखत, तू म्हणालास, "अण्णाला हात आहेत, शिक्षण नाही." त्याला साडेपाच वर्षे झाली. मी काही तेवढ्यासाठी पत्र लिहीत नाही. जिम्मीसाठी लिहितो.

तू टोपलीतून आणून अम्माच्या मांडीवर ठेवलेस ते पिल्लू आता त्रेचाळीस किलो चारशे ग्रॅम आहे. लॅब्रेडॉर जातीचा असला तरी वजन तीस-बत्तीस हवे. तिण्णैच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना तो दोनदा बसतो. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकले आणि म्हणाले, असाच राहिला तर सहा महिने. अम्मा त्या दिवसापासून त्याच्याजवळच चटई टाकून निजते.

डॉक्टर म्हणाले, खाणे कमी करा. काय कमी करू? मी मोजून देतो. सकाळी भात दोनशे ग्रॅम, रात्री दीडशे, वर ताक, आठवड्यातून दोनदा एक अंडे (तुझी वहिनी अंबुजा ते परसात वेगळ्या चुलीवर उकडते, अम्माच्या भांड्यांना लागत नाही). एवढ्या अन्नातून त्रेचाळीस किलो होत नाहीत. मी तीन रीतींनी हिशेब केला. मग उरलेले येते कोठून?

आता नीट वाच. मी बावीस टाक्या बांधल्या. दोन टाक्यांत एकाच गोठ्याचे, एकाच वजनाचे शेण घातले तरी एक दीडपट गॅस देते. फरक शेणात नसतो, सुरुवातीला आपण ज्या जुन्या टाकीचा गाळ घालतो त्यातल्या जंतूंत असतो. काही जंतू आळशी, काही कंजूष, शेवटचा कणही सोडत नाहीत. कुत्र्याचे आतडे ही टाकीच. जिम्मीच्या पोटात कंजूष जंतूंची वस्ती झाली आहे, असे माझे मत आहे.

तुझ्या कॉलेजात जंतूंच्या मोजणीची सोय आहे. जिम्मीच्या विष्ठेची बाटली बर्फात ठेवून बसने पाठवतो. पत्र न लिहिलेस तरी चालेल, आकडे पाठव.

इंग्रजीत लिहिले असते तर तू आधी व्याकरण तपासले असतेस. तमिळमध्ये लिहिले तर आपला पोस्टमन वाचतो. अप्पांनी आपल्या दोघा भावांना शिकवलेली ही मोडी लिपी आता या गल्लीत तिसऱ्या कोणाला येत नाही, म्हणून यात.

रघुराम

तंजावूर, २ नोव्हेंबर १९९४

चि. सेतुराम यास,

तुझा कागद आला. छापील फॉर्म, टाइप केलेल्या सात ओळी. मालकाचे नाव या रकान्यात माझे नाव, स्पेलिंग बरोबर. मागची बाजू कोरी. ती मी उजेडात धरून पाहिली, हे कबूल करतो. अंबुजा म्हणाली, "अहो, पाण्यात बुडवून पाहा, अक्षरं वर येतील."

पोस्टमनची वेळ सव्वाअकरा. मी कारखान्यातून अकराला निघतो, उगाच. कामावरची माणसे हसतात, हसू देत.

तुझ्या आकड्यांवरून मी पुढचे पाऊल उचलले आहे. मासळीबाजाराच्या मागे एक काळा कुत्रा आहे, सगळे त्याला करुप्पन म्हणतात. बरगड्या मोजून घ्याव्यात. पाच सकाळी मी त्याच्या मागे सायकलने फिरलो. तो काय खातो ते लिहिले, आणि जे हवे होते ते टिफिनच्या डब्यात गोळा केले. एका कोळणीने विचारले, "सार, घरी खायला घालत नाहीत का?" मी डब्याचे झाकण लावले. वजन चौदा किलो दोनशे. रोजचे खाणे माझ्या अंदाजाने जिम्मीच्या सव्वापट! तरी अंगाला काही लागत नाही.

करुप्पनच्या पोटातले जंतू उधळे आहेत. दूध जसे विरजतात तसे जिम्मीचे पोट मी त्या जंतूंनी विरजणार आहे. ताकात वाढवायचे, उबेच्या पेटीत, अडतीस अंशांवर, मग भाताच्या गोळ्यात घालून द्यायचे. रोज दहा मिलिलिटर. सोबत दोन बाटल्या पाठवतो: क हा करुप्पन, ज हा जिम्मी.

तू यावर हसशील. हस, पण मोजून पाठव. जिम्मी आज पहिल्या पायरीवरच बसला.

रघुराम

तंजावूर, २१ नोव्हेंबर १९९४

चि. सेतुराम यास,

कागद मिळाला. क आणि ज यांच्या आकड्यांत फरक आहे हे तुझ्याच यंत्राने सांगितले, मी नव्हे.

घरात मोठा गोंधळ झाला, तो तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी मीच सांगतो. नऊ तारखेला कारखान्याच्या बाजूला दिवसभर करंट नव्हता. पेटी थंड पडली तर वाढवलेले सगळे मेले असते. म्हणून ती घरी आणून स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली, अम्माच्या विरजणाच्या फळीखाली. वर अम्माचे दही, खाली माझे.

अम्माने झाकण उघडले. "रघू, हे काय रे? वास कसला?"

मी खोटे बोलत नाही. सांगितले.

तिने झाकण पुन्हा लावले. मग म्हणाली, "कोणाचे?"

"करुप्पनचे. मासळीबाजारातला."

"अय्यय्यो! हे तू जिम्मीस घालणार? माझ्या जिम्मीस?"

"अम्मा, कुत्रे रस्त्यावर काय खात नाहीत?"

"रस्त्यावर खाईल ते त्याचे कर्म. माझ्या स्वयंपाकघरात तुझ्या हाताने खाईल ते माझे!"

तिच्या आईने कुंभकोणमहून आणलेले विरजण, ऐंशी वर्षे न तुटलेले, तिने परसात नारळाच्या बुंध्याशी ओतले. चार दिवस दह्याला शिवली नाही. पाचव्या दिवशी समोरच्या महालक्ष्मीकडून नवे विरजण मागून आणले, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळले. आता मी निघालो की तिण्णैवरच्या बायका बोलायचे थांबतात.

असो. औषध तेरा तारखेला सुरू केले. नोंद तेव्हापासून देतो, कारण औषध तेव्हापासून. तेरा: ४२.९००. सोळा: ४२.५००. वीस: ४२.१००. खाणे तेच, ग्रॅमही इकडेतिकडे नाही.

सेतू, सात दिवसांत आठशे ग्रॅम. तुझ्या पुस्तकांत असे आहे का?

रघुराम

तंजावूर, ६ जानेवारी १९९५

चि. सेतुराम यास,

तुझे पत्र आले. पत्र! चार ओळी, पण हाताच्या. मी ते तसेच कारखान्यात नेऊन लेथच्या शेजारी उभ्यानेच वाचले, मग घरी, मग पुन्हा. पाठ झाले आहे. "अण्णा, आकडे चांगले आहेत. आमच्या पत्रिकेत छोटे टिपण म्हणून देता येईल. दोघांची नावे, तुझे आधी. पूर्ण आलेख पाठव."

तुझे आधी.

अम्माला वाचून दाखवले. ती म्हणाली, "येतो म्हणतो कां?" मी म्हटले, पत्रात तसे नाही. ती जिम्मीच्या कानामागे खाजवत बसली. माझे नाव आधी आहे हे मी तिला दोनदा सांगितले.

आज वजन ३८.२००. तिन्ही पायऱ्या एका दमात. काल गेट उघडे राहिले तर तो कोपऱ्यावरच्या टेलरपर्यंत पळाला, मला मागे धावावे लागले आणि दम मला लागला. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. म्हणाले, "काय दिलंत?" मी म्हटले, छापून येईल तेव्हा वाचा.

आलेख सोबत आहे. आलेखाच्या कागदावर, शाईने, तेरा नोव्हेंबर ते पाच जानेवारी. पहिला बिंदू ४२.९००. रेघ सगळीकडून उतरती. अशी सरळ रेघ मी आजवर फक्त यंत्रात पाहिली आहे.

टिपण कधी येईल? कोणत्या महिन्याच्या अंकात? माझ्या नावापुढे काय लिहिणार? पदवी नाही, तर "तंजावूर" एवढेच लिही. तुझ्या वरिष्ठांनी काही विचारले तर मला ताबडतोब कळव. मी रोज सव्वाअकराला घरी असतो.

रघुराम

तंजावूर, २७ जानेवारी १९९५

चि. सेतुराम यास,

तुझ्या दुसऱ्या पत्रात तू विचारलेस, औषधाच्या आधीच्या पंधरा दिवसांचे वजन कोठे आहे.

त्याची काय गरज? औषधाआधी औषध नव्हते. पावसाळ्यात कारखान्यात पाणी आले तेव्हा वहीची काही पाने भिजली. शिवाय नऊ ते तेरा त्या दिवसांत काटा बिघडला होता.

बाकी सर्व ठीक.

रघुराम

तंजावूर, १३ फेब्रुवारी १९९५

चि. सेतुराम यास,

काटा बिघडला नव्हता.

तो काटा मी केला आहे, तो बिघडत नाही. हे एक वाक्य लिहायला मला सतरा दिवस लागले. वहीही भिजली नाही, मी ती पत्र्याच्या पेटीत ठेवतो. ते पान जसेच्या तसे उतरवून देतो. एक नोव्हेंबर: ४३.५००. पाच: ४३.५५०. नऊ: ४३.६००. अकरा: ४३.२००. तेरा, सकाळी, पहिल्या गोळ्याच्या आधी: ४२.९००.

वजन औषधाच्या चार दिवस आधी उतरू लागले होते. मी आलेख काढताना हे पाहिले होते. पट्टी तेरावर ठेवली आणि अलीकडचे चार दिवस बाहेर ठेवले. मनाशी म्हटले, काटा नवा आहे, कुत्रा हलला असेल. तू विचारलेस तेव्हा तेच तुला लिहिले.

पण का उतरले, हे मला खरेच माहीत नव्हते. ते गेल्या बुधवारी कळले.

बुधवारी ताप होता, कारखान्यात गेलो नाही. माजघरात पडून होतो. साडेबाराला परसदारी महालक्ष्मीचा आवाज. मी घरात आहे हे तिला ठाऊक नव्हते.

"शेषम्मा, आता तरी जिम्मीला चालेल का? मुलाच्या व्हिसाची तारीख आलीय. अष्टमी बावीसला. डबा भरून आणते."

अम्मा म्हणाली, "अजून नाही. शास्त्रीबुवांनी सांगितलंय, एकशेआठ दिवस मोजायचे आणि मग शुद्धी. नऊ तारखेपासून मोजले तर पंचविसाला होतात. बावीस म्हणजे तीन दिवस कमी. विचारते, आधी करता येईल कां म्हणून."

"मग करूनच घ्या हो. त्या करुप्पनला कोण घालणार? हात चावेल."

मी उठून परसात गेलो. महालक्ष्मी डबा पदराखाली घेऊन निघून गेली. अम्मा पायरीवर बसली आणि मी तिच्यासमोर. तिने सगळे सांगितले, लपवण्यासारखे काही आहे असे तिला वाटतच नव्हते. मी कधी विचारले नाही, एवढेच.

भैरवाचे वाहन कुत्रा, हे तुला सांगायला नको. वद्य अष्टमीला कुत्र्याला दहीभात घालायचा, आणि मोठे मागणे असेल तर मंडळभर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, रोज. आपल्या गल्लीतले कुत्रे भुंकतात, अंगावर येतात. जिम्मी हातातून हळूच घेतो, खाताना वर पाहतो. पाच वर्षांपासून सगळ्या गल्लीचे नवस त्याच्या पोटात जात होते. लग्ने, व्हिसा, कोर्टाचे निकाल, कोणाच्या सुनेचे बाळंतपण. रोज दुपारी साडेबाराला, परसदारी, कधी दोन डबे, कधी चार. दहीभात, वड्याच्या माळेतले वडे, गोड पोंगल. टपालासाठी अकराला आलो तरी मी साडेबाराला पुन्हा कारखान्यात. मी माझे साडेतीनशे ग्रॅम मोजत होतो!

अंबुजेला विचारले, तुला ठाऊक होते?

"हो. तुम्ही वाडगा मोजत होता, मी काय परात मोजायला सांगू? तुम्ही म्हणाला असता, बाईमाणसाचा अंदाज."

मी तसे म्हणालो असतो. खरे आहे.

आणि नऊ नोव्हेंबरला काय झाले ते तुला मीच लिहिले होते. अम्माने पेटी उघडली आणि त्याच दुपारी परसदारी सांगितले, जिम्मीस आता नैवेद्य नको, त्याच्या पोटात मासळीबाजारातल्या कुत्र्याची घाण जाणार, तो वाहन राहिला नाही. डबे त्या दिवशी बंद झाले. वजन त्या दिवशी उतरायला लागले.

तेव्हा माझे औषध लागू पडले की नाही, ते मला सांगता येत नाही. कदाचित थोडे पडले असेल. कदाचित करुप्पनचे जंतू जिम्मीच्या पोटात एक दिवसही टिकले नसतील. तुझ्या मोजणीत फरक होता, पण दोन वेगळ्या कुत्र्यांत फरक असायचाच, हे मला त्या वेळी सुचायला हवे होते. जिम्मी बारीक झाला तो विटाळला म्हणून. हे पत्रिकेत छापता येईल का ते तू ठरव. माझे नाव आधी असो की नंतर, त्या आलेखाखाली घालू नकोस.

आता मुख्य. अम्मालाही विचारले, तुझा स्वतःचा डबा कोणत्या मागण्याचा?

ती म्हणाली, "काय विचारतोस?"

पाच वर्षे, रोज, एक मूठ. मंडळे किती झाली ते ती मोजत नाही. तू ते पिल्लू दिलेस आणि तीन महिन्यांनी त्या पंगतीतून उठून गेलास. तू घरी यावास म्हणून ती तुझ्याच कुत्र्याला भरवत होती, आणि तो त्यानेच मरायला टेकला होता. डॉक्टरांनी सहा महिने म्हटल्यावर तिने मूठ मोठी केली. मी कारण विचारले. म्हणाली, "वेळ कमी राहिला, म्हणून."

मी तिला नीट समजावले. रागावलो नाही, अंबुजेला विचार. म्हटले, अम्मा, एक मूठ नाही, अर्धीही नाही. करुप्पनला घाल, मी डबा घेऊन जातो, मला तो आता ओळखतो. ती म्हणाली, "करुप्पनास सेतू कोठे ठाऊक आहे?" मी यंत्र बांधू शकतो, हे नाही.

शास्त्रीबुवा बावीसच्या आधी शुद्धी करून देतील, ते कोणालाच नाही म्हणत नाहीत. मग अष्टमीला परसदारी रांग लागेल, आणि पहिली अम्मा. मी कारखाना सोडून रोज साडेबाराला पहारा देऊ शकत नाही. दिला तरी ती माझी आई आहे. ती फक्त एका गोष्टीने थांबेल, आणि ती मला करता येत नाही. बावीसच्या आत ये. माझ्यासाठी नको. त्या पंगतीत तू बोललास त्याआधी मी पंगतीबाहेर पापनाशमच्या माणसांसमोर तुझ्या पदवीला "पोस्टाने आलेली" म्हणालो होतो, हे सतरा माणसांपैकी कोणी ऐकले नव्हते, तू ऐकले होतेस. मी आजवर ते कोणाला सांगितलेले नाही, अम्मालाही नाही. दहा मिनिटे ये, तिच्या हातचे खा आणि गाडी पकड. नवस फिटेल. जिम्मी आज ३५.९०० आहे. तो तसाच राहावा.

आणखी एक, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको. परवा महालक्ष्मीच्या जावयाबरोबर मद्रासहून विघ्नेश नावाचा एक मनुष्य आला. कुत्र्यांच्या खाण्याचे परदेशी डबे आता येऊ लागले आहेत, त्यांचा तो विक्रेता आहे. जिम्मीचे आधीचे आणि आताचे फोटो त्याने पाहिले होते. त्याला माझे विरजण पुड्यांतून विकायचे आहे, मद्रासमध्ये जाड कुत्री पुष्कळ झाली आहेत म्हणे. पुडीवर माझा आलेख, तेरा तारखेपासूनचा, आणि खाली तुझी पदवी. मी त्याला वही उघडून नऊ, अकरा, तेरा दाखवले. तो हसला. "सार, ते चार दिवस कोण विचारणार?"

मी म्हटले, माझा धाकटा भाऊ विचारतो. त्याला कॉफी दिली आणि नाही म्हणून सांगितले. गेटपर्यंत जाऊन तो परत आला, आकडा वाढवला, मी पुन्हा नाही म्हटले. आधी एक लाख देत होता. दुसऱ्या वेळचा आकडा एक लाख चाळीस हजार रुपये.

रघुराम